कॅनडाचे पारपत्र, परदेशातील नोकरी आणि जन्मस्थानाचा प्रश्न

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील विंडसर आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या दोन शहरांच्या मध्ये केवळ एक नदी आहे. १९२९ मध्ये खुला झालेला ॲम्बॅसेडर पूल आणि त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालेला नदीखालचा बोगदा ओलांडून विंडसरमधील अनेक परिचारिका, अभियंते आणि तंत्रज्ञ रोज सकाळी परदेशात कामावर जातात आणि सायंकाळी मायदेशी घरी परततात. मार्च २०१७ मध्ये त्यांच्यापैकी काही परिचारिकांना तपासणी नाक्यावरच थांबवण्यात आले. डेट्रॉइटमधील एका रुग्णालयात काम करणाऱ्या, विशेष प्रशिक्षण घेतलेल्या या परिचारिकांचे काम व्यापार करारातील ‘नोंदणीकृत परिचारिका’ या व्याख्येत बसत नाही, त्यांनी दुसऱ्या प्रकारचा व्हिसा घ्यावा, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. कराराचा मजकूर बदललेला नव्हता, कायद्यातही दुरुस्ती झालेली नव्हती. बदलला होता तो केवळ नाक्यावरील अर्थ. थोड्याच दिवसांत अमेरिकी प्रशासनाने ही भूमिका मागे घेतली आणि परिचारिका कामावर रुजू झाल्या. तथापि, या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट केली. परदेशी नोकरी करण्याची जी मुभा कॅनडाच्या नागरिकांना जवळजवळ जन्मसिद्ध हक्कासारखी वाटते, ती प्रत्यक्षात एका व्यापार कराराने दिलेली सवलत आहे.

या सवलतीकडे जगभरातील कुशल कामगारांचे लक्ष असते आणि भारतीयांचे तर विशेषच. अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय अभियंत्याला एच-१ बी व्हिसाच्या सोडतीत नशीब अजमावावे लागते. तोच अभियंता काही वर्षे टोरांटो किंवा व्हँकुव्हर येथे राहून कॅनडाचा नागरिक झाला, तर त्याच्यासाठी त्याच अमेरिकेचे एक वेगळे दार उघडते. हे दार कितपत रुंद आहे, ते कोणाच्या भरवशावर उघडे आहे आणि ते ओलांडणाऱ्याला कुठपर्यंत जाता येते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

करारातून मिळालेला परवाना

अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९८९ रोजी अमलात आला. मालाबरोबर सेवांचाही व्यापार व्हायचा असेल, तर सेवा देणाऱ्या माणसांना सरहद्द ओलांडता आली पाहिजे, असा विचार त्यामागे होता. त्यामुळे ठराविक व्यवसायांतील व्यक्तींना तात्पुरत्या प्रवेशाची तरतूद या करारात करण्यात आली. १ जानेवारी १९९४ पासून मेक्सिकोला सामावून घेणारा उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार, म्हणजेच नाफ्टा, लागू झाला आणि ही तरतूद त्यात कायम राहिली. १ जुलै २०२० रोजी नाफ्टाची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली. त्याच्याही सोळाव्या प्रकरणात ती जवळजवळ शब्दशः उतरली आहे. या तरतुदीखाली मिळणाऱ्या परवान्याला ‘टीएन’ असे म्हणतात.

टीएनचे वैशिष्ट्य त्याच्या सोपेपणात आहे. कॅनडाच्या नागरिकाला त्यासाठी अमेरिकी वकिलातीत व्हिसाचा अर्ज करावा लागत नाही. नोकरी देणाऱ्या संस्थेचे सविस्तर पत्र, पदवीची प्रमाणपत्रे आणि कॅनडाचे पारपत्र घेऊन तो थेट सरहद्दीवरील नाक्यावर जाऊ शकतो. टोरांटो, व्हँकुव्हर, मॉंट्रियल यांसारख्या विमानतळांवर अमेरिकी अधिकारी प्रस्थानापूर्वीच तपासणी करतात. तेथेही हा अर्ज करता येतो. अर्जाचे मूळ शुल्क ५० डॉलर असून निर्णय सहसा त्याच दिवशी होतो. परवाना एका वेळी कमाल तीन वर्षांचा असतो. २००८ पर्यंत ही मुदत एकच वर्ष होती. नूतनीकरण किती वेळा करावे, यावर बंधन नाही. वार्षिक संख्येची मर्यादाही नाही.

याच्या शेजारी एच-१ बी व्हिसा ठेवला, म्हणजे फरक लक्षात येतो. एच-१ बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेतील विद्यापीठांतून उच्च पदव्या घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा आहेत. मागणी त्याहून कितीतरी अधिक असल्याने निवड सोडतीने करावी लागते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१ बी अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट बारा महिन्यांसाठी घातली. टीएन परवान्याला ही अट लागू करण्यात आली नव्हती. एकाच कार्यालयात, एकाच प्रकारच्या कामासाठी, एका पारपत्राला ५० डॉलर आणि दुसऱ्याला एक लाख डॉलर, असे चित्र त्यामुळे निर्माण झाले.

जुनी यादी, नवे व्यवसाय

सोय मोठी असली, तरी तिला कुंपण आहे. टीएन परवाना करारासोबत जोडलेल्या यादीतील साठाहून थोड्या अधिक व्यवसायांनाच मिळतो. लेखापाल, वास्तुविशारद, अभियंता, वकील, ग्रंथपाल, औषधनिर्माता, पशुवैद्य, नगररचनाकार, हॉटेल व्यवस्थापक, महाविद्यालयीन अध्यापक, विविध शाखांचे शास्त्रज्ञ अशी ही यादी आहे. आपत्तीनंतर विम्याच्या दाव्यांची तपासणी करणाऱ्यांनाही तिच्यात स्थान आहे. मात्र संगणक क्षेत्रासाठी तिच्यात ‘संगणक प्रणाली विश्लेषक’ ही एकच स्पष्ट नोंद आहे.

ही यादी मुळात १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तयार झाली. त्या वेळी महाजाल सामान्य माणसापर्यंत पोहोचलेले नव्हते. भ्रमणध्वनीसाठी प्रणाली लिहिणारे, माहितीसाठ्यांचे विश्लेषण करणारे, संगणकीय सुरक्षेचे काम पाहणारे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारे व्यावसायिक यादीत नावानिशी नाहीत, याचे कारण हेच. केवळ प्रोग्रॅम लिहिणारा संगणक व्यावसायिक यादीत बसत नाही. प्रणालीचे विश्लेषण आणि आखणी हे त्याचे मुख्य काम असल्याचे पत्रातून दिसावे लागते. परिणामी, नोकरीचे पत्र कोणत्या शब्दांत लिहिले आहे, यावर कधी कधी नोकरीच अवलंबून राहते.

नव्या कराराची बोलणी सुरू होत असताना, ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडाच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी व्यावसायिकांची ये-जा अधिक सुलभ व्हावी, हे कॅनडाचे एक उद्दिष्ट असल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात यादी जशी होती तशीच राहिली. त्या वेळी अमेरिकेतील वातावरण स्थलांतराविरोधी होते. यादीचा विषय उघडला, तर ती वाढण्याऐवजी आकुंचन पावेल, ही भीती निराधार नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी स्थलांतर विभागाने ‘अर्थतज्ज्ञ’ या नोंदीचा अर्थ संकुचित केला आणि वित्तीय विश्लेषक तसेच बाजारपेठेचे विश्लेषक यांना तिच्यातून वगळले. करारात एक अक्षरही न बदलता अनेकांसाठी ते दार बंद झाले.

वैद्यकीय क्षेत्रात आणखी एक भेद आहे. नोंदणीकृत परिचारिकेला रुग्णसेवेसाठी टीएन मिळतो. त्यासाठी संबंधित राज्याची परवानगी आणि परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे पडताळणी प्रमाणपत्र लागते. डॉक्टरला मात्र केवळ अध्यापन किंवा संशोधनासाठीच परवाना मिळू शकतो. रुग्णालयात नियमित रुग्णसेवा करू इच्छिणाऱ्या कॅनडाच्या डॉक्टरला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

नागरिकत्वाची अट आणि पदविकेचा प्रश्न

भारतातून कॅनडात गेलेल्यांच्या दृष्टीने टीएनची सर्वांत महत्त्वाची अट नागरिकत्वाची आहे. कॅनडाचा कायम रहिवासी, मग तो तेथे दहा वर्षे का राहिलेला असेना, टीएनसाठी पात्र नसतो. कायम रहिवाशाला नागरिकत्वासाठी अर्ज करण्यापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहावे लागते. आणि कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. म्हणजे पुण्या-मुंबईहून गेलेल्या कुटुंबासमोरचा प्रश्न केवळ नोकरीचा राहत नाही. अमेरिकेतील संधीसाठी भारतीय पारपत्र परत करायचे की नाही, असे त्याचे स्वरूप होते.

शिक्षणाच्या बाबतीतही एक बारकावा आहे. यादीतील बहुतेक व्यवसायांना पदवी आवश्यक असते. भारतीय विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी, तिच्या समकक्षतेचे मूल्यांकन करून घेतल्यास, ग्राह्य धरली जाते. संगणक प्रणाली विश्लेषकासारख्या काही व्यवसायांत पदवीऐवजी पदविका आणि तीन वर्षांचा अनुभवही चालतो. परंतु ती पदविका उत्तर अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेची असावी लागते. त्यामुळे महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन कॅनडात गेलेला आणि तेथील नागरिक झालेला तंत्रज्ञ, अनुभव कितीही असला तरी, केवळ त्या पदविकेच्या बळावर या मार्गाने जाऊ शकत नाही.

परवाना मिळाल्यानंतरही कुटुंबाची गणिते सोपी नसतात. टीएनधारकाच्या पती किंवा पत्नीला सोबत राहता येते, शिक्षण घेता येते. परंतु नोकरी करता येत नाही. कॅनडात दोघांच्या वेतनावर घराचे हप्ते फेडणाऱ्या दांपत्याला अमेरिकेतील अधिक वेतनाचा विचार करताना हा दुसरा पगार वजा करूनच करावा लागतो. नोकरी गेल्यास नवी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी कमाल ६० दिवसांची सवलत मिळू शकते. नोकरी बदलल्यास नवा अर्ज करणे अनिवार्य असते.

अन्य वाटा

टीएनखेरीज कॅनडाच्या नागरिकांसमोर अमेरिकेचे आणखी काही पर्याय आहेत. बहुराष्ट्रीय कंपनीच्या कॅनडातील कार्यालयात मागील तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग काम केलेल्या व्यवस्थापकाला किंवा विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याला एल-१ प्रवर्गात बदली मिळू शकते. व्यवस्थापकासाठी तिची कमाल मुदत सात वर्षे, तर विशेष ज्ञान असलेल्यांसाठी पाच वर्षे आहे. कॅनडाच्या नागरिकाला हा अर्जही सरहद्दीवर करता येतो. एल-१ धारकाच्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते. दोन पगारांची गरज असलेल्या कुटुंबांना हा मार्ग त्यामुळे अधिक सोयीचा वाटतो. स्वतःचा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी ई-१ आणि ई-२ हे व्यापारी व गुंतवणूकदार प्रवर्ग आहेत. ते कराराने बांधलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतात. कॅनडा त्या देशांत आहे, भारत नाही.

एक मार्ग याहून कितीतरी जुना आहे. १७९४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या जे कराराने नव्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मूळ रहिवाशांना मुक्तपणे ये-जा करण्याचा हक्क मान्य केला होता. त्याच्या आधारे अमेरिकी कायदा आजही कॅनडात जन्मलेल्या आणि किमान निम्मा वारसा मूळ रहिवासी समाजाचा असलेल्या व्यक्तीला अमेरिकेत राहण्याचा व काम करण्याचा अधिकार देतो. तिला टीएनची गरज नसते, यादीचीही नसते.

अमेरिकेपलीकडे पाहिले, तर कॅनडाच्या तरुणांना अनेक देशांची दारे परस्पर करारांमुळे उघडी आहेत. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून आपल्या युवा योजनेत कॅनडाच्या नागरिकांसाठी वयोमर्यादा ३५ पर्यंत वाढवली आणि तीन वर्षांपर्यंत राहण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड हे देशही ३५ वर्षांपर्यंतच्या कॅनडाच्या नागरिकांना सुट्टी आणि काम यांची सांगड घालणारा परवाना देतात. या परवान्यांची मोठी सोय अशी की, नोकरी आधी मिळालेली असावी लागत नाही. जर्मनीत कॅनडाचा नागरिक व्हिसाशिवाय प्रवेश करून तेथेच निवास परवान्यासाठी अर्ज करू शकतो. रोजगार विभागाच्या संमतीने त्याला कोणत्याही प्रकारचे काम स्वीकारता येते, त्यासाठी विशिष्ट पात्रतेची अट नाही. ही मुभा जर्मनीने मोजक्या देशांनाच दिली आहे. युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातील व्यापार करार २१ सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरत्या स्वरूपात लागू झाला असून त्यातही कंपनीअंतर्गत बदली आणि कंत्राटी सेवा यांच्यासाठी प्रवेशाची तरतूद आहे.

वयाची पस्तिशी ओलांडली, की यांतील बऱ्याच वाटा बंद होतात. ब्रिटनचा कुशल कामगार व्हिसा घ्यायचा तर मालकाचे प्रायोजकत्व लागते आणि २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण वेतनमर्यादा वार्षिक ४१,७०० पौंड करण्यात आली. एक अपवाद आहे आणि तो पुन्हा वंशाशी निगडित आहे. राष्ट्रकुलातील देशाच्या ज्या नागरिकाचे आजोबा किंवा आजी ब्रिटनमध्ये जन्मले असतील, त्याला पाच वर्षे काम करण्याची परवानगी मिळू शकते. कॅनडातील अनेक जुन्या कुटुंबांना हा मार्ग उपलब्ध आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाच्या दुसऱ्या पिढीला, पारपत्र तेच असूनही, तो सहसा उपलब्ध नसतो.

पारपत्र एक, जन्मस्थान दुसरे

हाच भेद अमेरिकेत कायम वास्तव्याचा प्रश्न आला, की सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो. टीएन हा कायद्याच्या दृष्टीने तात्पुरता परवाना आहे. आपला मुक्काम तात्पुरता आहे, हे अर्जदाराला प्रत्येक वेळी अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. एच-१ बी आणि एल-१ या प्रवर्गांत कायम वास्तव्याचा हेतू बाळगण्यास हरकत नसते. टीएनमध्ये ती असते. ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत पुढे गेलेल्या टीएनधारकाला नूतनीकरण नाकारले जाण्याचा धोका त्यामुळे पत्करावा लागतो.

त्याहून मोठा अडसर जन्मस्थानाचा आहे. अमेरिकी कायद्यानुसार रोजगारावर आधारित सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दरवर्षी दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, अशी मर्यादा आहे. ही गणना अर्जदाराच्या नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्माच्या देशावरून होते. नाशिकमध्ये जन्मलेला आणि पुढे कॅनडाचा नागरिक झालेला अभियंता टीएनसाठी कॅनडाचा असतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत मात्र तो भारताचा ठरतो. २०२५ च्या मध्यास भारतात जन्मलेल्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रोजगार श्रेणीत २०१३ सालच्या सुमाराच्या अर्जांचाच विचार सुरू होता. त्याच्याच शेजारी बसणाऱ्या, ओटावात जन्मलेल्या सहकाऱ्यासाठी ही रांग तुलनेने फारच लहान असते. जोडीदाराचा जन्म अन्य देशात झालेला असेल, तर त्याच्या जन्मदेशाच्या रांगेत उभे राहण्याची मुभा कायदा देतो. पती-पत्नी दोघेही भारतात जन्मलेली असतील, तर हा दिलासाही उरत नाही.

अमेरिकेतील ही रांग किती लांब आहे, याचा अंदाज जुलै २०२३ मधील एका घटनेवरून येतो. कॅनडाने अमेरिकेतील एच-१ बी धारकांसाठी खुल्या कार्यपरवान्याची योजना १६ जुलै रोजी सुरू केली आणि दहा हजार अर्जांची मर्यादा दोन दिवसांच्या आत संपली. अनेकांच्या दृष्टीने कॅनडा हा पर्याय आहे, तर काहींच्या दृष्टीने वळसा. वळसा घालून पुन्हा अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवले पाहिजे की, नव्या पारपत्राने नोकरी मिळू शकते, रांगेतील स्थान बदलत नाही.

भारताकडे येणारी वाट

जन्मस्थान किंवा वंश नेहमी आडवाच येतो, असे नाही. भारतात नोकरी करू इच्छिणाऱ्या कॅनडाच्या सर्वसाधारण नागरिकाला रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. भारतीय वंशाच्या नागरिकाकडे परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजेच ओसीआय कार्ड असेल, तर त्याला आजीवन प्रवेशाची मुभा असते आणि खाजगी नोकरीसाठी वेगळ्या परवान्याची गरज नसते. त्याला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सरकारी नोकरीही सर्वसाधारणपणे मिळत नाही. पत्रकारिता, संशोधन यांसारख्या कामांसाठी मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष अनुमती लागते. तरीही ही सवलत किती मोलाची आहे, याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. दोन्ही देशांच्या संबंधांत तणाव निर्माण झाल्यावर २१ सप्टेंबर रोजी भारताने कॅनडातील व्हिसा सेवा स्थगित केली. काही प्रवर्गांची सेवा २६ ऑक्टोबरला, तर ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला पूर्ववत झाला. मधल्या काळात ओसीआय कार्डधारकांचा प्रवास सुरूच राहिला.

सामाजिक सुरक्षेबाबतचा भारत-कॅनडा करार १ ऑगस्ट २०१५ पासून अमलात आहे. त्यामुळे कंपनीने ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या देशात पाठवलेल्या कर्मचाऱ्याला दोन्हीकडे निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही आणि दोन देशांतील सेवाकाळ पात्रतेसाठी एकत्र मोजता येतो. परदेशी नोकरीचा विचार करताना वेतनाच्या आकड्याइतकेच अशा तरतुदींना महत्त्व असते. निवृत्तीच्या वेळी त्यांचे मोल अधिक जाणवते.

आढाव्याची टांगती तलवार

टीएनची खरी कसोटी मात्र व्यापाराच्या मैदानात आहे. नव्या त्रिपक्षीय कराराची मुदत सोळा वर्षांची आहे. सहाव्या वर्षपूर्तीला, म्हणजे १ जुलै २०२६ रोजी, संयुक्त आढाव्याची तरतूद त्यात आहे. तिन्ही देशांनी संमती दिल्यास मुदत आणखी सोळा वर्षांनी वाढते. एकानेही ती न दिल्यास दरवर्षी आढावा घ्यावा लागतो आणि अखेर २०३६ मध्ये करार संपुष्टात येतो. सहा महिन्यांची सूचना देऊन कोणताही देश करारातून बाहेर पडू शकतो, हेही त्यात नमूद आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर अतिरिक्त शुल्क आकारण्यास प्रारंभ केल्यापासून या आढाव्याला वेगळेच गांभीर्य प्राप्त झाले. पोलाद, लाकूड, मोटारी आणि दूध यांवरील वादांत परिचारिका आणि अभियंत्यांचे परवाने हा कोणाच्याही आग्रहाचा मुख्य विषय नाही. धोका नेमका तेथेच आहे. ज्या विषयासाठी कोणी भांडत नाही, तो मोठ्या सौद्यात सहज सोडून दिला जाऊ शकतो.

भारताच्या धोरणकर्त्यांसाठीही या अनुभवात बोध आहे. व्यापार वाटाघाटींत कुशल मनुष्यबळाला प्रवेश मिळावा, अशी भारताची भूमिका सातत्याने राहिली आहे. ब्रिटनबरोबरच्या योजनेखाली २०२३ पासून दरवर्षी तीन हजारांपर्यंत तरुण भारतीय व्यावसायिकांना दोन वर्षांसाठी जाता येते. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या व्यापार कराराने वर्षाला एक हजार भारतीय तरुणांसाठी सुट्टी आणि कामाचा व्हिसा खुला केला. कॅनडाला संख्येच्या मर्यादेशिवाय जे मिळाले, त्याच्या तुलनेत हे प्रारंभीचे टप्पे आहेत. परंतु अशा सवलती मिळवताना व्यवसायांची यादी काळानुसार सुधारण्याची सोय, जोडीदाराला कामाचा हक्क आणि नाक्यावरील निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था या तीन गोष्टींचा आग्रह धरला नाही, तर काय होते, हे विंडसरच्या परिचारिकांनी २०१७ मध्ये अनुभवले.

कॅनडाचा नागरिक असलेल्या व्यक्तीला परदेशात काम करण्याचे मार्ग आजही जगातील बहुसंख्य लोकांपेक्षा अधिक आहेत, यात शंका नाही. पण त्यांतील प्रत्येक मार्गाचा आधार वेगळा आहे. कुठे व्यापार करार, कुठे वय, कुठे आजी-आजोबांचे जन्मगाव, तर कुठे स्वतःचे. नोकरीचे पत्र हाती पडल्यावर वेतनाच्या आधी हा आधार तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते. पूल ओलांडून रोज कामावर जाणाऱ्या परिचारिकेसाठी तो आधार करारातील दोन शब्दांचा आहे आणि त्या शब्दांचा अर्थ दर वेळी समोरच्या खिडकीत बसलेला अधिकारी ठरवीत असतो.